गॅस संपलाय, मॅडम!

कारचा एसी गरम हवा फेकायला लागला की गॅरेजमध्ये दोनच उत्तरं मिळतात. एक स्वस्त आणि एक महाग. मला हवं होतं ते तिसरं. खरं!

मार्चचा तिसरा आठवडा उजाडला की पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक डायलॉग हमखास ऐकू येतो. 'यार, माझा एसी गरम हवा फेकतोय.' त्यावरचं उत्तरही ठरलेलं. 'गॅस संपला असेल. भरून घे ना!' झालं, विषय संपला. जणू काही कारमध्ये स्वयंपाकघरातला सिलिंडरच बसवलाय. शेगडी पेटली, गॅस जळला, संपला, नवीन नंबर लावला.

ऐकायला एकदम लॉजिकल वाटतं ना? फक्त एक छोटासा प्रॉब्लेम आहे. ते खरं नाही. कारच्या एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, खर्चही होत नाही. तो एका बंद नळीत गोल गोल फिरत असतो. एका वर्षात थोडाफार इकडेतिकडे झाला तर समजू शकतो. पण दर उन्हाळ्याला टाकी रिकामी होत असेल, तर तो संपत नाहीये बॉस, तो गळतोय!

मला हे कळण्याचं श्रेय एका फाइलला जातं. माझी गाडी सेकंडहॅण्ड. आठ वर्षं जुनी हॅचबॅक. आधीचे मालक अस्सल पुणेकर, त्यामुळे गाडीबरोबर एक निळी फाइलही मिळाली. पहिल्या सर्व्हिसिंगपासून वायपरच्या रबरापर्यंत प्रत्येक बिल तारीखवार लावलेलं. अशा शिस्तीला आपला मनापासून सलाम! त्या फाइलमध्ये सलग तीन एप्रिलची तीन बिलं होती. तिन्हींवर एकच ओळ : 'एसी गॅस चार्जिंग'. तीन वर्षं, तीन दुकानं, तीन बिलं. आणि एकाही बिलावर 'लीक टेस्ट' असे शब्द नाहीत.

आता चौथा एप्रिल जवळ आला होता आणि गाडी माझी होती.

बाबा, ऊन आणि 'चैन'

माझ्यासाठी हा मामला नुसत्या घामाचा नव्हता. मेकअप ओघळतो, कुर्ता पाठीला चिकटतो, हे सगळं चालवून घेता येतं. पण बाबा सोलापूरला असतात. गेल्या हिवाळ्यात पुण्यात त्यांची बायपास झाली आणि मे महिन्यात फॉलो-अपला यायचं होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, 'दुपारच्या उन्हात फिरवू नका.' कारण साधं आहे. उकाड्यात शरीर थंड ठेवायला हृदयाला कातडीकडे जास्त रक्त ढकलावं लागतं. नुकतंच ऑपरेशन झालेल्या हृदयाला हा ओव्हरटाइम परवडत नाही.

पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर. पहाटे निघून सकाळची अपॉइंटमेंट गाठता येते. पण परतीचं काय? बाबांना स्वतःच्या पलंगाशिवाय झोप येत नाही, त्यामुळे मुक्काम कॅन्सल. म्हणजे परतीचा प्रवास भर दुपारी, तोही सोलापूरच्या दिशेने, जिथे मे महिन्यात चाळिशी ओलांडणं ही बातमीसुद्धा नसते.

बाबांचं स्वतःचं मत वेगळंच. 'एसी कशाला? काच खाली कर, वारं येतं की!' त्यांच्या पिढीला कारचा एसी म्हणजे चैन. मी त्यांना सांगितलं, आता नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनलासुद्धा एसी सक्तीचा झालाय. ट्रकवाल्याची ती चैन नाही, गरज आहे, हे सरकारने मान्य केलं. बाबा म्हणाले, 'ट्रकवाला काम करतो. मी नुसता बसणार.' यावर काय बोलणार?

तर टार्गेट ठरलं : मे महिन्याच्या आत एसी थंड. आणि बजेट? फ्रीलान्सरचं बजेट किती असतं, ते विचारू नका. अर्ध्या क्लाएंट्सचे चेक अजून 'प्रोसेसमध्ये' होते.

एक गाडी, दोन निदानं

पहिला स्टॉप, एक चकाचक वर्कशॉप. काचेची केबिन, कॉफी मशीन, टाय लावलेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. त्याने माझ्या मागे बघत विचारलं, 'सर नाही आले?' मी म्हटलं, 'गाडी माझी आहे. मीच आलेय.' त्याने बॉनेट उघडलं, दोन मिनिटं कान दिला आणि निर्णय सुनावला. 'मॅडम, कॉम्प्रेसर गेलाय. ३८ हजार. प्लस लेबर.' गेज लावलं नाही, थर्मामीटर लावला नाही. नुसता कान!

दुसरा स्टॉप, रस्त्याकडेचं एसीचं दुकान. 'गॅस संपलाय, मॅडम! १,८०० रुपये. पाऊण तासात बर्फ!' मी विचारलं, 'लीक चेक करणार ना?' तो हसला. 'अहो, एवढं कोण बघतं? पुढच्या वर्षी परत टाकू की.'

एकाच गाडीची एकाच दुपारी दोन निदानं. एक १,८०० चं, दुसरं ३८ हजारांचं. आणि दोघांनीही मला एकही प्रश्न विचारला नव्हता! घसा दुखतो म्हणून गेलो तर डॉक्टरसुद्धा विचारतो, कधीपासून? गिळताना दुखतं का? मास कॉमच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या डोक्यात भरवलं होतं : बातमी म्हणजे कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसं. यातलं 'काय' सगळ्यांना माहीत होतं. गरम हवा. बाकीचे पाच प्रश्न मोकळेच होते. म्हटलं, चला, आपणच विचारू.

थंडी तयार होत नसते

आधी फंडा समजून घेऊ. फार टेक्निकल नाही, प्रॉमिस!

एसी थंडी बनवत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. माठाचं पाणी गार का होतं? माठ पाझरतो, बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. कारचा एसी म्हणजे असाच एक माठ. फक्त पाण्याच्या जागी असा द्रव, जो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. त्याचं नाव आर-१३४ए. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांत हाच असतो. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ नावाचा त्याचा वारसदार आलाय.

हा द्रव डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि केबिनमधली उष्णता पिऊन घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढे ढकलतो. गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्या पुढे, जाळीसारखा कंडेन्सर असतो. तिथे हा गॅस सगळी उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो, पुन्हा द्रव होतो आणि एका बारीक व्हॉल्वमधून परत कॉइलमध्ये शिरतो. गोल गोल, गोल गोल. आणि हे सगळं किती गॅसवर? छोट्या गाडीत जेमतेम चारशे-साडेचारशे ग्रॅम. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवीसुद्धा यापेक्षा जड!

गंमत म्हणजे अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा फॅक्टरीत बसवलेला एसी दिला, तेव्हा तो बंद करायची नीट सोयच नव्हती. गाडी थांबवा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसरचा पट्टा काढा! आपल्याकडे निदान बटण तरी आहे.

म्हणजे गरम हवेची कारणं कुठे असणार? या गोल फेरीच्या कुठल्या तरी एका स्टेशनवर. कोणत्या, ते सांगतो पुढचा प्रश्न.

कधी गरम? कुठे गरम?

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांसारखाच मलाही केकचा ज्वर चढला होता. त्या वेळचा एक डिजिटल थर्मामीटर ड्रॉवरमध्ये पडून होता. तो काढला आणि मधल्या व्हेंटमध्ये खोचला. आठवडाभर डायरी लिहिली. खरं सांगते, कुठल्याही कव्हर स्टोरीपेक्षा हे जास्त एक्सायटिंग होतं.

सकाळी नऊ, कर्वे रोडचा सिग्नल : १७ अंश. त्याच सकाळी बायपासवर, सत्तरच्या स्पीडला : ११. दुपारी अडीच, विद्यापीठ चौक, बाहेर ३७ : व्हेंटमध्ये २४. गाडी पळायला लागली की १६. धडधाकट एसी असता तर चालत्या गाडीत आकडा दहाच्या आसपास यायला हवा होता, निदान सकाळी तरी.

म्हणजे पॅटर्न स्पष्ट. पळताना बरा, थांबलं की गरम. ही सगळ्यात कॉमन तक्रार आहे आणि तिचे संशयितही ठरलेले. एक, कंडेन्सरचा पंखा फिरत नाही. गाडी पळताना वारा आपोआप मिळतो, सिग्नलला पंख्याशिवाय कोण देणार? दोन, कंडेन्सरची जाळी धूळ-चिखल-किड्यांनी बुजली. तीन, गॅस कमी आहे आणि आयडलिंगला कॉम्प्रेसर हळू फिरत असल्यामुळे ती कमतरता उघडी पडते. चार, कॉम्प्रेसरच थकलाय.

तुमचा पॅटर्न वेगळा असेल, तर संशयितही वेगळे. हवा थंड आहे पण फुंकर मारल्यासारखी येते? मग गॅसला दोष देऊ नका. ग्लोव्ह बॉक्समागचा एसी फिल्टर काढून बघा, त्यात अर्धं पुणं सापडेल. सुरुवातीला मस्त थंड, अर्ध्या तासाने हवाच कमी, दहा मिनिटं बंद ठेवलं की परत ठीक? कॉइलवर बर्फ जमतोय. एका बाजूने थंड, दुसऱ्या बाजूने कोमट आणि डॅशबोर्डमागून टिकटिक? गरम-थंड हवा मिसळणारा आतला पडदा बहुतेक अडकलाय. आणि अजिबातच थंड होत नसेल, तर फ्यूज, रिले आणि वायर आधी बघा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या उंदरांना वायर फार आवडते!

शिवाय, घाटात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर काही क्षण हवा कोमट झाली तर टेन्शन घेऊ नका. इंजिनला चढायला ताकद मिळावी म्हणून छोट्या गाड्यांत कॉम्प्रेसर तेवढ्यापुरता स्वतःच सुटतो. बिघाड नाही, शहाणपणा आहे तो.

परत माझ्या गाडीकडे. रविवारी सकाळी बॉनेट उघडलं, एसी लावला आणि ओढणी घरात ठेवून नुसतं बघत उभी राहिले. पंखा फिरत होता. म्हणजे संशयित नंबर एक सुटला. जाळी आदल्याच महिन्यात धुतली होती, दोन नंबरही सुटला. मग कान दिला. 'टक्.' कॉम्प्रेसरचा क्लच लागला. सहा-सात सेकंदांनी सुटला. परत 'टक्'. परत सुटला. जणू गाडीला उचकी लागलीय! गॅस कमी असेल तर प्रेशर घसरतं आणि जीव वाचवायला सिस्टिम कॉम्प्रेसर बंद करते. प्रेशर सावरलं की परत चालू. हीच ती उचकी. (काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो, तिथे हा आवाज येणार नाही.)

म्हणजे रस्त्याकडेचा दुकानदार अर्धा बरोबर होता. गॅस कमी होताच. पण अर्धं उत्तर म्हणजे दर एप्रिलचं बिल!

चाचांचा मग

एका मैत्रिणीने नाना पेठेतला पत्ता दिला. पुण्यात गाडीचा कुठलाही पार्ट हवा असेल तर माणूस शेवटी नाना पेठेतच पोचतो. गल्लीच्या टोकाला एक छोटं गॅरेज, बाहेर बोर्ड नाही, आत साठीचे एक चाचा. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारलं, 'थंडा कब होता है? गरम कधी होतो?'

मी जवळजवळ टाळी वाजवणार होते! डायरी पुढे केली. चाचांनी चष्मा नाकावर घेऊन आकडे वाचले. 'हे तू लिहिलं? मग माझं निम्मं काम झालं, बेटा.' आणि मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवण्याऐवजी हातात टॉर्च दिला. 'इधर पकड.' वर्कशॉपमधल्या कॉफीपेक्षा हा मान मोठा होता.

पहिली टेस्ट एकदम देशी. एसी चालू ठेवून त्यांनी मगभर पाणी कंडेन्सरवर ओतलं. 'आता तुझा थर्मामीटर बघ.' आकडा धड हलला नाही. चाचा म्हणाले, 'पंखा किंवा जाळीचा लोचा असता, तर पाणी पडल्यावर लगेच थंड झालं असतं.' मग त्यांनी गेज लावलं. डावीकडे निळा काटा, उजवीकडे लाल. उन्हाळ्यात चांगल्या सिस्टिममध्ये निळा तीस-चाळीस पीएसआयच्या घरात आणि लाल दोनशेच्या वर असायला हवा. माझे दोन्ही काटे खाली, आणि उचकीबरोबर नाचणारे. 'कॉम्प्रेसर मेला असता ना, तर निळा वर चढला असता आणि लाल खाली उतरला असता. दोघं एकमेकांच्या जवळ आले असते. इथे दोन्ही खाली आहेत. कॉम्प्रेसर जिवंत आहे. भूखा है, बस.'

३८ हजार वाचले! एका वाक्यात!

मग उरलेला गॅस त्यांनी मशीनने ओढून घेतला. आला १९० ग्रॅम. बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलं होतं ४२० ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून जास्त गायब. कुठून? रिकाम्या नळ्यांत कोरडा नायट्रोजन भरला आणि एकेका जॉइंटवर साबणाचा फेस लावला. मी टॉर्च धरलेला. कंडेन्सरला पाइप जिथे जोडलाय, तिथे थोडी तेलकट धूळ चिकटली होती. त्या जागी बघता बघता बुडबुडे फुगायला लागले. अगदी सावकाश. एक... दोन... तीन... माझ्या गाडीच्या चार उन्हाळ्यांचं उत्तर माझ्यासमोर बुडबुड्यांत येत होतं.

दोषी कोण? रबराची एक छोटीशी ओ-रिंग, वयाने कडक होऊन चिरलेली. अंगठीएवढी. किंमत दोन वडापावांएवढी!

चाचांनी त्या जॉइंटच्या दोन्ही ओ-रिंग बदलल्या, थोडं कॉम्प्रेसर ऑइल घातलं, मग चाळीस मिनिटं व्हॅक्यूम. व्हॅक्यूम का? नळीत हवा राहिली तर प्रेशर बिघडतं, आणि दमट हवेतलं पाणी राहिलं तर ते बारीक व्हॉल्वमध्ये गोठून बसतं. व्हॅक्यूम बंद करून त्यांनी चहा मागवला. चहा संपेपर्यंत काटा जागचा हलला नाही. म्हणजे गळती बंद. मग काट्यावर वजन करून बरोब्बर ४२० ग्रॅम गॅस. जास्त नाही, कारण गॅस जास्त झाला तरी एसी गरमच होतो.

चार तास, दोन चहा, ३,६०० रुपये. त्याच दुपारी, बाहेर ३९ असताना, सिग्नलला १२ अंश आणि चालत्या गाडीत ८. मी थर्मामीटरचा फोटो काढला. हो, फूडच्या फोटोंसारखाच!

मग तो गॅस गेला कुठे?

आता वाटेल, १,८०० च्या जागी ३,६०० दिले, त्यात काय शहाणपणा? गणित पुढे आहे.

एसीच्या नळीत गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं ऑइलही फिरत असतं. म्हणून तर जॉइंटवर तेलकट धूळ दिसते. गॅस गळतो तेव्हा थोडं थोडं तेलही जातं. दर एप्रिलला नुसता गॅस भरत राहिलं, तेल कुणी बघितलंच नाही, तर एक दिवस कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि खरंच जातो. म्हणजे १,८०० चं उत्तर आणि ३८ हजारांचं उत्तर वेगवेगळं नाहीच! पहिलं चार-पाच वर्षं लावून धरलं, की दुसरं आपोआप खरं ठरतं.

आणि गळालेला गॅस? तो हवेत. जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा, तो ओझोनच्या थराला खायचा. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला आणि आर-१३४ए आला. तो ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात वस्ताद. एक किलो आर-१३४ए म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबात साधारण १,४०० किलो कार्बन डायऑक्साइड. माझ्या गाडीतून उडालेले २३० ग्रॅम म्हणजे जवळपास १४० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. गाडी जागची न हलता! म्हणूनच २०१६ च्या किगाली करारात या गॅसेसवरही कात्री चालली. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आणि आपण? उकाडा वाढला म्हणून गॅस भरतो, तो गळतो, उकाडा वाढतो. ते चक्रही गोल गोल!

टेंभुर्णीच्या पुढे

मे महिन्यात बाबांची अपॉइंटमेंट झाली. रिपोर्ट चांगले. दुपारी एकला निघालो. हडपसर, यवत, भिगवण. बाबा अधूनमधून काचेला बोट लावून बाहेरचं ऊन चाचपत होते. निघण्याआधी मी चारही काचा उघडून दोन मिनिटं गाडी चालवली होती, कारण उन्हात उभ्या गाडीच्या आत पन्नाशी सहज ओलांडते आणि ती कोंडलेली हवा आधी बाहेर काढली तर एसीचं काम हलकं होतं. त्यावर बाबांचा शेरा आलाच, 'बघ, शेवटी काचच खाली केलीस!'

टेंभुर्णी ओलांडली तेव्हा साडेतीन वाजत आले होते. डिस्प्लेवर बाहेरचं टेम्परेचर ४२. रस्त्यावर मृगजळ. व्हेंटमधला थर्मामीटर म्हणत होता १०. बाबांचं बोलणं थांबलं म्हणून मी वळून बघितलं. स्वतःच्या पलंगाशिवाय झोप न येणारा माणूस सीट मागे करून चक्क घोरत होता.

मोहोळच्या आसपास त्यांना जाग आली. खांदे आखडून घेत म्हणाले, 'जरा कमी कर गं ते. गारठलो!'

मी एसीचं बटण एक घर खाली आणलं. इतक्या आनंदाने मी आजवर कुठलंच बटण फिरवलं नव्हतं.

गॅरेजमध्ये जाण्याआधी...

* एसीचा दिवा लागलाय, टेम्परेचरचं बटण पूर्ण निळ्याकडे आहे, आतलीच हवा फिरवणारं बटण चालू आहे ना? आधी एवढं बघा. हसू नका, बऱ्याच 'बिघाडांचं' उत्तर इथेच असतं.

* साधा थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये लावा. सकाळ-दुपार, सिग्नल-हायवे, चार-पाच दिवसांचे आकडे लिहा. 'थंड होत नाही' यापेक्षा 'सिग्नलला २४' हे वाक्य गॅरेजमध्ये फार वजनदार ठरतं.

* एसी चालवल्यावर गाडीखाली साधं पाणी ठिबकणं नॉर्मल आहे. ते हवेतल्या दमटपणाचं पाणी. जॉइंटवरची तेलकट धूळ मात्र नॉर्मल नाही.

* कुणी कॉम्प्रेसर बदलायला सांगितलं तर शांतपणे विचारा, 'गेजवर दोन्ही बाजूंचं प्रेशर किती आलं?' उत्तर नसेल तर गाडीची चावी परत मागा.

* गॅस भरण्याआधी लीक टेस्ट आणि व्हॅक्यूम, दोन्ही. आणि गॅस स्टिकरवर लिहिलेलाच, तेवढाच, वजन करून. वेगळा गॅस मिसळू देऊ नका.

* बॉनेट उघडून बघताना ओढणी, टाय, केस पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब. पंखा न सांगता सुरू होतो. नळ्यांचे जॉइंट स्वतः सैल करायचे नाहीत. आतला गॅस दाबाखाली असतो, अंगावर उडाला तर कातडी गोठवतो.

* गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर एसीच्या नळ्या-वायरी घरी उघडायच्याच नाहीत. तिथला कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्याचं ऑइलही वेगळं असतं. ट्रेनिंग घेतलेल्या माणसाकडेच जा.

* जुनी बिलं फेकू नका. सेकंडहॅण्ड गाडी घेताना तर फाइल मागून घ्याच. त्यात 'गॅस चार्जिंग' ही ओळ दोनदा दिसली, तर गाडीची किंमत ठरवताना आठवण ठेवा.

* आणि समोरून 'गॅस संपलाय' असं आलं, की एकच प्रश्न टाका : 'संपला म्हणजे गेला कुठे?' जो मेकॅनिक हे शोधायला टॉर्च काढेल, त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.